मधोमध

दिवा जरा पुढे घ्या, म्हणजे सांगते.

संध्याकाळी अंगणात दुर्बीण मांडायची आणि चंद्राच्या कडेवरच्या विवरांचे फोटो काढायचे, हा आमच्या बाबांचा जुना नाद. ही कडेवरची विवरं मोठी लहरी. चंद्र मान किंचित वळवतो तेव्हाच दिसतात, एरवी पलीकडे दडलेली. आई म्हणायची, "एवढ्या चिकाटीने लेकीसाठी स्थळं शोधली असती तर जावई केव्हाच आला असता." बाबांची जवळजवळ सगळी टिपून झाली होती. एकच राहिलं होतं.

पुढे आई गेली आणि अर्धांगवायूने बाबा अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी ठरवलं, ते विवर त्यांना दाखवायचंच.

आमची दुर्बीण जुनी, बिनमोटारीची. चंद्र चौकटीतून हळूहळू निसटतो. मग नळीला बोटाने हलका धक्का देऊन त्याला परत आणायचं. "ज्याला टिपायचं तो मधोमध हवा," असं बाबा नेहमी सांगायचे.

चंद्र तसा वळणार होता, त्या संध्याकाळी वारा अगदी पडला होता. ओल्या मातीचा वास येत होता. मी दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण सुरू केलं, तोच आतून बाबांची हाक आली. सगळं तसंच टाकून धावले.

त्यांनी बऱ्या हाताने माझं मनगट आवळलं. डोळे खिडकीकडे.

"बाहेर कोण आहे?"

"कुणी नाही, बाबा. मीच होते."

"जाऊ नकोस... हात सोडू नकोस."

बसून राहिले. चंद्र केव्हाच निसटला असणार, आणि तो पुन्हा असा वळेपर्यंत बाबा थोडेच थांबणार होते? मला रडू आवरेना.

त्यांचा डोळा लागल्यावर बाहेर गेले. चंद्र मावळतीला टेकला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोर बरोबर मधोमध होती.

चित्रीकरण घाईघाईने पळवत पाहिलं. चंद्र सरकायचा, हलका धक्का बसायचा, चंद्र परत मध्ये. हुबेहूब बाबांचा हात. आणि कडेवर ते विवर, स्वच्छ. अंगावर काटा आला. पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

सकाळी बाबांना त्यातलाच एक फोटो दाखवला. त्यांनी तोंड फिरवलं.

"हा तू काढलेला नाहीस," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात ते गेले.

नंतर एकदा त्यांच्या आठवणीने सगळं चित्रीकरण सावकाश पाहिलं. मधेच चंद्र सुटतो... नळी वळत जाते... नुसता काळोख. मग एक धूसर पिवळा चौकोन. आमची खिडकी. इतक्या जवळचं त्या दुर्बिणीतून नीट दिसत नाही, फोकसचं चाक बराच वेळ फिरवावं लागतं. ते कुणीतरी फिरवलं होतं. खोली स्पष्ट झाली, दुर्बिणीत दिसते तशी उलटी. बाबा टक लावून बाहेर बघत होते. त्यांच्याशेजारी मी, पाठमोरी.

मग हलका धक्का. पुन्हा एक. बाबा चौकटीबाहेर गेले, आणि मी मधोमध आले.

दुर्बीण आता माळ्यावर बांधून ठेवली आहे. तुम्ही मघाशी विचारलंत ना, मी सारखी सरकून का बसते... सवयच लागली आहे. पण मी सरकले, की थोड्या वेळाने तो खिडकीचा पडदा हलतो. जरासाच, कुणी बोटाने बाजूला केल्यासारखा.