पिठाच्या डब्यातला रोटर

चार महिने मुके पडलेले इंजिन अचानक गरजले आणि फडताळातल्या काचेच्या बशा किणकिणल्या. बर्नाडीनने पिठाचा डबा ओढून आत हात घातला. आज ऑगस्टमधला तो शनिवार... डेट्रॉइट परिसरातल्या साऱ्या जुन्या गाड्या वुडवर्ड अव्हेन्यूवर उतरण्याचा दिवस!

एप्रिलमध्ये डॅड फेरफटका मारून परतले, तेव्हा सदुसष्ट सालच्या त्या निळ्या जीटीओ गाडीच्या उजव्या मडगार्डवर पिवळा ओरखडा होता. शाळेच्या बसचा पिवळा. डॅडना तो दिसलाही नव्हता. तिने मुकाट्याने ओरखडा घासला, वर निळा रंग दिला, इंजिनात ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून आतला बिस्किटाएवढा रोटर काढला आणि पिठाच्या डब्यात पुरला. त्याच्यावाचून ठिणगी पुढे जात नाही. स्टार्टर नुसता कण्हत राहतो.

तिच्या डॅडनी, कॅसिमिरनी, याच गाडीच्या कारखान्यात तीस वर्षे इंजिने जोडली होती. त्यांनी वाकून पाहिले असते, तर मिनिटात उलगडा झाला असता. पण पाहूनही दिसत नाही, हे त्यांना कबूल करायचे नव्हते. त्याऐवजी ते दर शनिवारी किल्ली फिरवत आणि म्हणत, तुझी आई गेल्यापासून या घरात एक वस्तू धड राहिली नाही. बर्नाडीन तो घाव निमूट सोसत राहिली. खरे सांगितले असते तर म्हाताऱ्याचा अभिमान मोडला असता.

आणि आज टोलेडोहून आलेल्या लेनर्डने, तिच्या भावाने, नवा रोटर बसवला होता!

"चोर घरातच आहे, डॅड," तो हसत म्हणाला. "ताईला स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीत ना कधी, त्याचा सूड."

बर्नाडीन धावत आली ती थेट गाडीपुढे, दहा पावलांवर उभी राहिली. पिठाने माखलेला हात तिने वर केला.

"डॅड, माझ्या हातात काय आहे?"

इंजिन धडधडत होते. कॅसिमिरनी डोळे बारीक केले, मान कलती केली...

"काही नाही. बाजूला हो."

लेनर्डचे हसू मावळले.

तिने जवळ जाऊन ती वस्तू त्यांच्या तळव्यात ठेवली. त्या बोटांनी असे हजारो रोटर बसवले होते. त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. कॅसिमिरनी त्याची कड चाचपली. मग त्यांनी इंजिन बंद केले.

"मडगार्डला परवा हात लावला, तर रंगाचा थर जाड लागला. कशावर घासली गेली होती गाडी?"

"शाळेची बस होती, डॅड."

"मुलं...?"

"शेजारच्या मिसेस ओडेल म्हणाल्या, बस थांब्यावर उभी होती. रिकामी."

म्हातारा उतरला, बॉनेटचा आधार घेत वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. किल्ली त्याने तिच्यापुढे धरली.

"क्लच जड आहे, पोरी. घाबरू नकोस."

वुडवर्डच्या पहिल्या चौकात सिग्नलला गाडी थांबली. चहूकडे इंजिने गुरगुरत होती. कॅसिमिर समोर टक लावून बसले होते, मुठीत तो जुना रोटर.

"कोणता दिवा आहे?" त्यांनी हळूच विचारले.