चार खणांचा पब

आमच्या हेमचंद्रच्या बाबतीत घडलेलं, म्हणून सांगतो. पुण्याचा मुलगा, स्ट्रक्चरल इंजिनियर, मेलबर्नच्या वेरिबी भागात राहायचा. मला त्यानं हे एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं की विषय बदलतो.

कोविडचं साल, दोन हजार वीस. बारा ऑगस्ट, बुधवार. मेलबर्नला रात्री आठपासून कर्फ्यू. डँडेनॉन्गच्या पलीकडे एक इंग्लिश पब होता, मार्चपासून बंद. सांगाडा साडेतीनशे वर्षांचा, ओकचा. कुणा हौशी माणसानं इंग्लंडात सुटा करून, बोटीनं आणून इथं पुन्हा उभा केलेला. खांब, तुळया, तिरपे टेकू, सगळं लाकडी खुंट्यांवर. लोखंडाचा खिळा नाही. मधल्या भिंती कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या. मागची बाजू कलली म्हणून मालकिणीनं त्याला कामाचं परमिट देऊन बोलावलं होतं.

वरच्या मजल्यावर लांबट बोळ, चार खण. म्हणजे पाच खांब. प्रत्येकावर जुन्या सुतारानं आकडा कोरलेला, एक ते पाच. हेमचंद्रनं मापं घेतली. ऑगस्ट म्हणजे इथं हिवाळा; सहा वाजता अंधार झाला, वीज तोडलेली, खिडक्यांवर फळ्या. मोबाइलच्या उजेडात तो जिन्याकडे निघाला.

पाचवा खांब आला. जिना आला नाही. पुढे सहावा होता.

चुकलो असेन, म्हणून तो मागे वळला. तरी मोजणी पुढेच गेली. सात. आठ. नऊ. त्याच अंतरावर, तसेच. लाकूड गारव्यानं कुरकुरतं, हे त्याला ठाऊक होतं. पण कुरकुर नव्हती. काहीच आवाज नव्हता.

त्यानं बायकोला फोन लावला.

"श्यामला, मला जिना सापडत नाहीये."

"म्हणजे? अरे, साडेआठ झालेत. कर्फ्यू लागला."

साडेआठ? त्याच्या मते तो दहा मिनिटं चालत होता.

"तेवीस खांब झाले..."

ती हळूच म्हणाली, "हेम, तिथं काम चालू आहे का? कुणीतरी ठोकतंय."

"मला नाही ऐकू येत."

"तू चालतोस तेव्हा येतो आवाज. थांबलास की थांबतो."

तो थांबला.

"आता?"

"नाही... बस खाली. चालू नकोस. मी पोलिसांना..."

फोन बंद पडला.

तो बसला. खांबाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन. पाय आखडले, तरी हलवले नाहीत. थंडी. अंधार. समोरचा खण... आणि त्याच्यापुढचा...

सकाळी फळ्यांच्या फटींतून उजेड आला. तो पाचव्या खांबाशी बसला होता. जिना हाताच्या अंतरावर.

पोलीस खरंच आले होते, रात्री साडेनवाला. गाडी दिसली म्हणून दार उघडून वर गेले. चारही खण बघितले. वर कुणी नव्हतं, असं त्यांनी श्यामलाला कळवलं होतं.

तेव्हाच्या रीतीप्रमाणे घरी तिनं त्याला बूट गराजबाहेर काढायला लावले. धुवायला उलटे केले, तर तळाच्या खाचांतून लाकडाच्या ढलप्या पडल्या. पांढऱ्या, ताज्या.

तिनं एक उचलली. अजून ओली होती.