तीन तोंडं, एकच साक्ष

चार जिने चढून फौजदारबाई प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. सगळे जिला ताई म्हणत, ती प्रोग्रॅम लिहिणारी बाई कालपासून बेपत्ता होती. दारात तिचे वडील उभे होते. "पोरीला दमा आहे हो, आणि औषध घरीच राहिलंय," ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

ताईच्या पडद्यावर शंभर ठिपके लुकलुकत होते.

"हे काय?"

"खोटे-खोटे शास्त्रज्ञ, संगणकातले," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. "एकमेकांना निष्कर्ष कळवत राहतात. ताईला दिसलं, की ते सतत बोलत राहिले तर पहिल्याची चूक सगळ्यांची होते. आज अकराला ती हे संस्थेच्या मंडळापुढे मांडणार होती." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आमचे प्रमुख, सर, वीस वर्षं याच्या उलट सांगत आलेत."

"ताईला शेवटचं कोणी पाहिलं?"

"काल संध्याकाळी सहाला लिफ्टने खाली गेली," आतल्या खोलीतून बाहेर येत सर म्हणाले. सहकारीनेही तेच सांगितलं. कोपऱ्यातल्या आकडेतज्ज्ञानेही तेच. तीन शहाणे आणि एकमत! असं नवल कुठे घडतं? शिपाई शहरभर शोधत होते, बाई मात्र सहकारीकडे वळल्या.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही, यांनी सांगितलं." सहकारीने आकडेतज्ज्ञाकडे बोट दाखवलं.

"आणि तुम्हाला?"

"सरांनी," तो चाचरत म्हणाला.

झाडलोट करणाऱ्या मावशी या गप्पांत कधीच नसत. बाईंनी त्यांना गाठलं.

"लिफ्ट? ती काल दुपारपासूनच बंद आहे. जिने चढून कंबर मोडली माझी."

"आज कुठली खोली झाडायची राहिली?"

"तळघरातली, जुन्या संगणकांची. किल्ली काल सरांनी मागून घेतली."

बाई सरांकडे वळल्या. "साक्षी तीन नाहीत, एकच आहे, आणि ती खोटी. बाकीच्यांनी तुमचीच री ओढली. ताई बाहेर गेली म्हटलं की आत कोण शोधणार? अकरापर्यंत तिचं तोंड बंद ठेवायचं होतं ना? किल्ली काढा."

"फक्त अकरापर्यंतच..." सर पुटपुटले. किल्ली त्यांच्या खिशातच होती.

तळघरात ताई फरशीवर पडली होती. ओठ निळे, बोटं सोलवटलेली. श्वास मात्र चालू होता. वडिलांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

सहकारी पायरीवरच बसली.

"काल सातला मी खाली ठोके ऐकले होते," ती रडत म्हणाली. "पाण्याची मोटर असेल म्हटलं. ताई बाहेर गेली, असं सगळेच सांगत होते ना!"