दुपट्याचा सौदा

ही गोष्ट २०५१ सालची, इचलकरंजीची. तोवर तिथल्या मागांवर साधं कापड फारसं उरलं नव्हतं. सगळीकडे जाणतं कापड निघायचं. त्याच्या धाग्याला श्वास कळायचा, अंगाची ऊब कळायची. अशा दुपट्यात बाळ गुंडाळलं की दुपटं आईची गुणगुण शिकायचं, आणि बाळ किरकिरलं की त्याच्या श्वासाला धरून तिच्यासारखंच गुणगुणायचं.

दिवाळीच्या सुट्टीत वसाहतीच्या मैदानावर मुलांचा जुना बाजार भरायचा. खेळणी, बूट, सायकली मांडून मुलं आपापसात अदलाबदल करायची. वैजयंतीबाई मगदूम तिथे खुर्ची टाकून बसत आणि त्यांच्या लहानपणच्या बोहारणीच्या गोष्टी सांगत. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बाई दारात बसायची, साडी उजेडात धरायची आणि नाक मुरडायची, "भोक हाय की वो हिला."

"मग तुमची आई काय म्हणायची?" मुलं विचारत.

"म्हणायची, भोक नसतं तर मीच नसते का नेसले?"

मुलं खिदळायची. बाजाराचा नियमही त्या बोहारणीचाच होता : भांडं घरात गेलं की सौदा मोडायचा नाही. मोठ्यांनी तर मध्ये पडायचंच नाही.

एका दुपारी त्यांची आठ वर्षांची नात शार्वी चाकांचे बूट मिरवत आली.

"कशावर घेतलेस गं?"

"माझ्या दुपट्यावर. झोयाला भाऊ झालाय ना."

वैजयंतीबाई उठून उभ्या राहिल्या. शार्वीची आई सानिका, म्हणजे त्यांची मुलगी, शार्वी दीड वर्षाची असताना वारली होती. फोनवर तिचा आवाज साठवलेला होता, पण तो कुणाला उत्तर देत नव्हता. दुपटं देत होतं. रोज दुपारी त्या ते मांडीवर घेऊन बसत.

"कुणी सांगितलं तुला द्यायला?"

"तूच. बारशापर्यंत बाळाला नवं घालत नाहीत, वाढत्या मुलाचं जुनं मागून आणतात, असं तूच म्हणालीस. आणि आज्जी, ते मला अजून बाळच समजतं. मी काही सांगितलं तरी अंगाईच गातं."

जाणतं कापड एका वेळी एकाच बाळाचं होतं. दुसरं बाळ त्यात मनसोक्त झोपलं की धाग्यांचे पीळ नव्याने बसतात आणि आधीचं सगळं जातं. त्याची नक्कल निघत नाही. वैजयंतीबाई चपला न घालताच झोयाच्या, नदाफांच्या घराकडे निघाल्या.

झोयाच्या आईने, नसीमने, दार उघडलं. "हळू या, मावशी. जन्मल्यापासून आज पहिल्यांदा डोळा लागलाय."

आतून सानिकाची गुणगुण ऐकू येत होती. मधूनच एखादा सूर नसीमचा लागत होता.

वैजयंतीबाईंचा चेहरा पाहून नसीमला उमगलं. "तुम्हाला न विचारता दिलं का शार्वीने? घेऊन जा मावशी. मी उचलते त्याला."

वैजयंतीबाईंनीच दुपट्याखाली हात घातला. बाळाचा ओठ थरथरला. लगेच गुणगुण थोडी जलद झाली. तान्ही शार्वी दचकली की सानिका अगदी अशीच घाई करायची. बाळ पुन्हा शांत झालं.

त्यांनी हात काढून घेतला. "असू दे," त्या म्हणाल्या, आणि पाळण्याशी बसून राहिल्या. बाळ झोपलंच होतं. सानिकाचा शेवटचा सूर कोणता, ते त्यांना कळलं नाही.

पुढे अशा पुसल्या गेलेल्या आवाजांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा गिरण्यांनी धाग्यालाच कुलूप घातलं. पहिल्या मुलाचं कापड, कापडी खेळणं दुसऱ्याच्या हातात मुकं होऊ लागलं आणि मुलांचा बाजार बंद पडला. वैजयंतीबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या, दुपारी खिडकीशी बसून. दुपट्यावरून शार्वीला त्या कधी रागावल्या नाहीत. नसीम मुलाला घेऊन हुबळीला माहेरी गेली, झोया इथेच राहिली. तो मुलगा आता गाड्या दुरुस्त करतो.

शार्वी आणि झोया आता एकाच गिरणीत कामाला आहेत. पहिला आवाज न सोडता दुसराही शिकेल असा धागा शार्वी कातू पाहते आहे. परवा नमुना हातात घेऊन झोयाने विचारलं, "जमलंच समज. मग त्यातलं बाळ आई कुणाला समजेल गं?"