रोजमेरीची कुपी

"ओ दुकानदार! हे तेल हाय का इंगळ?"

रिकामी कुपी मी फळीवर आपटली तशी गुरुलिंगानं मान वर केली. मंगळवार पेठेतलं ते तेल-अत्तराचं दुकान त्याच्या बापाचं, पण बसायचा हाच. बाहेर झिमझिम लागलेली, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, आन् आत टाळूची नुसती आग आग!

"सगळी कुपी लावली?" त्यानं विचारलं.

"मग? टाळू भरायची तर वंजळीनंच भरत्यात की!"

हसला हो! पण... हसणं गोड होतं मेल्याचं.

"बाई, हे घाण्याचं तेल न्हवं. रोजमेरीचा अर्क हाय, इलायती. वाटीभर करडीच्या तेलात चार थेंब घालायचे. विकताना सांगायला पायजे होतं... चूक माजी."

चूक कबूल करणारा पुरुष मी पहिल्यांदाच बघत होते. माझं निम्मं भांडण तिथंच विरघळलं. उरलेलं त्यानं करडीच्या तेलात नीट कालवून दिलेल्या बाटलीनं, तीही फुकट.

विषमज्वरानं माझे केस मुठीमुठीनं गेले होते. गिरणीत सूत गुंडाळून मिळवती पोर मी, कुणापुढं मान खाली घालणारी न्हवं. पण आरशाकडं बघवत नव्हतं. आमच्यात पोरगी बघायला आल्या की बायका आधी वेणी सोडून बघतात. अव्वानं, म्हंजे माझ्या आईनं, तर हायच खाल्ली होती. "केसाबिगर कोण करंल तुला, ईरम्मा?"

मग दर बाजाराच्या दिवशी गिरणी सुटली की माझी पावलं त्या दुकानाकडं वळायची.

"बोटाच्या पेरांनी हळू चोळा. नखं लावू नका."

"लई शाणे! सोताच्या डोक्याला लावून बघितलं का कधी?"

"माज्या डोक्यात दुसरंच कायतरी शिरलंय..." म्हणाला, आन् कानापर्यंत लाल झाला. मी पण तशीच पळाले, बाटली विसरून.

हळूहळू कोंडा गेला. कपाळाशी मऊ लव आली. दुसऱ्या दिवाळीला केस मानेला टेकले. आन् गुरुलिंगाच्या आई, शिवबाई, लेकाला घेऊन मला बघायला आल्या!

अव्वानं माझ्या वेणीत उसन्या केसांचं गंगावन घातलं. "एवढा एक दिस ऐक गं." ऐकलं. पाटावर बसले, पण मनाला पटंना. ज्यानं चूक कबूल केली त्याच्यापुढं मी खोटी वेणी मिरवू?

शिवबाईंचा हात वेणीकडं आला. तेवढ्यात मीच ती पुढं ओढली, गंगावन सोडवलं आन् पानाच्या तबकात ठेवलं.

"हे उसनं हाय. माजे एवढेच."

अव्वानं तोंडाला पदर लावला.

शिवबाई लेकाकडं वळल्या. "गुरुलिंगा, तुज्या तेलाचा एवढाच गुण व्हय?"

"तेलानं टाळू निवली, कोंडा गेला, आई. तापानं गेलेले केस मात्र आपसूकच येत्यात. मला पयल्या दिवशीच ठावं होतं."

"काय?" मी बघण्याचा कार्यक्रमच विसरले. "मग इतके दिस मला खेटे कशाला घालायला लावले?"

"तुमी..." तो अडखळला. "तुमी आला न्हाईत तर बाजाराचा दिस सुना जातो माजा."

शिवबाईंनी आधी लेकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तबकातलं गंगावन उचलून अव्वाच्या हातात दिलं. "ज्याचं आणलंय त्याला देऊन टाका. सुनंला न्हाय लागत."

लग्नात माझी वेणी जेमतेम वीतभर. तिच्यात शेवंतीचं एक फूल कसंबसं टिकलं होतं. मांडवातल्या बायका वाकून वाकून बघत होत्या, तसा मी डोक्यावरचा पदर मागं सारला.

गुरुलिंग हळूच कानाशी आला. "पदर पडलाय की..."

"पडला न्हाय," मी म्हटलं, "सारलाय."