माणूस : शून्य

हे खरं आहे. पटलं नाही तर माझं काही म्हणणं नाही. मलाही पटलं नसतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, आकडा खटकला की पुन्हा मोजायच्या, हे माझं वीस वर्षांचं काम. भुताची गोष्ट कोणी सांगायला लागलं की मी आधी विचारते, चष्मा लावला होता का?

त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. अंधार नाही, धुकं नाही, लख्ख ऊन. शहरापासून तासाभरावरचं राखीव जंगल, आणि त्यातली चार नंबरची लाइन.

तिथे मी जे पाहिलं, ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

बाबांना तर नाहीच.

आधी बाबांबद्दल सांगते. आयुष्यभर नकाशे काढण्यात गेलेला माणूस. आई गेल्यावर घरात नुसते येरझाऱ्या घालायचे. मग कोणीतरी त्यांना या प्राणिगणनेच्या सर्व्हेत नेलं आणि त्यांची गाडी रुळावर आली. दर तीन महिन्यांनी चाळीसेक स्वयंसेवक जंगलात जातात. जंगलात सरळ रेषा आखलेल्या आहेत, दोन-दोन किलोमीटरच्या. त्यांना लाइन म्हणतात. एका लाइनीवर दोघं. पुढचा बघतो, मागचा फॉर्म भरतो. कोणता प्राणी, किती, किती मीटरवर. बोलायचं नाही, घाई करायची नाही.

आणि एक नियम. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं.

अंतर मोजायला एक यंत्र देतात. रेंजफाइंडर. डोळ्याला लावून बटण दाबलं की समोरच्या वस्तूपर्यंतचे मीटर दिसतात. बाबांना ते कधी लागलं नाही. ते नुसतं बघून सांगायचे, आणि यंत्रात फार तर एक-दोन मीटरचा फरक निघायचा. सगळे त्यांना फूटपट्टी म्हणायचे. घरी येऊन ते मला हे चार-चार वेळा सांगायचे.

जानेवारीत मला सर्व्हे चालवणाऱ्या मॅडमचा फोन आला.

"तुमच्या वडिलांबद्दल जरा बोलायचं होतं. रागावू नका."

असं कोणी म्हटलं की माझ्या मनात लगेच पाल चुकचुकते.

फॉर्ममध्ये शेवटचा रकाना असतो, "माणूस". लाकूडतोडे, शिकारी, वाट चुकलेले, कोणी दिसलं तर नोंद करायची. चार नंबरच्या लाइनीवर कधीच कोणी नसतं. पण गेल्या पाच सर्व्हेत बाबांनी तिथे एक माणूस लिहिला होता. दर वेळी अकराशे मीटरच्या खुणेवरून दिसलेला. दर वेळी उभा. दर वेळी बाबांचा जोडीदार वेगळा, आणि एकालाही तो दिसला नव्हता.

"आणि यंत्र वापरत नाहीत हो. नेमकं तिथेच 'अंदाजे' लिहितात."

मॅडमनी त्या पाचही अंतरांचे आकडे मला पाठवले.

एकशे चाळीस.
एकशे दहा.
नव्वद.
सत्तर.
पंचावन्न.

"या वेळी तुम्हीच त्यांच्याबरोबर जा," मॅडम म्हणाल्या. "फॉर्म तुम्ही भरा. त्यांना दिसलं आणि तुम्हाला नाही, तर आपण त्यांना प्रेमाने थांबवू. वय झालंय, जंगल आहे."

दादाला फोन केला. तो परदेशात असतो, तिथून त्याला सगळं स्वच्छ दिसतं. "विसरायला लागलेत ते," तो म्हणाला. "एकदा हरवले की धावपळ तुझीच होईल. बंद कर ते जंगल."

त्यानंतर तीन आठवडे मी बाबांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. किल्ली जागेवरून हलवून ठेवली, त्यांनी शोधली. तारीख चुकीची सांगितली, त्यांनी सुधारली. गोळ्या मोजल्या, बरोबर निघाल्या. चौथ्या दिवशी ते चहा पिता पिता म्हणाले,

"इन्स्पेक्टर, पास झालो का?"

मी हसले. त्यांना सगळं कळत होतं. तरी मी थांबले नाही.

त्या रविवारी साडेसहाला आम्ही लाइनीवर पाऊल ठेवलं. बाबा पुढे, मी मागे, हातात पॅड. खाली घोटाभर पाचोळा. इतका वाळलेला, की खार पळाली तरी चुरचुर ऐकू यायची. आम्ही दोघं तर पापड मोडत चाललो होतो.

चारशे मीटरवर हरणं दिसली. बाबांनी बोटं वर केली. पाच. मग कुजबुजले, "चौसष्ट."

मी यंत्र लावलं. चौसष्ट.

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाठीवरूनच कळत होतं की स्वारी खूश आहे. मलाही फार बरं वाटलं. वाटलं, चुकतायत मॅडम. चुकतोय दादा.

सातशेवर रानडुकरं. नऊशेवर एक ससा.

मग...

आधी पक्षी गेले.

म्हणजे उडाले नाहीत. आवाज गेला. मघापर्यंत डोक्यावर नुसता कलकलाट होता. आता वाऱ्याचासुद्धा आवाज नाही.

अकराशेची खूण आली. झाडावर रंगवलेला पिवळा आकडा. बाबा थांबले.

"माणूस," ते हळूच म्हणाले. "एक. उजवीकडे. चाळीस."

मी उजवीकडे पाहिलं. विरळ झाडी. ऊन. पाचोळा.

कोणी नव्हतं.

मला एकदम रडू आलं. मॅडम बरोबर होत्या. आपले बाबा चालले, असं वाटलं.

मी पुन्हा पाहिलं. आणि...

तो तिथेच होता.

झाडाच्या आड नव्हता. उघड्यावर होता. आधी मी त्याच्यावरून नजर कशी नेली, मला आजही कळत नाही. अंगात आमच्यासारखंच खाकी जाकीट. डोक्यावर टोपी. टोपीच्या सावलीत चेहरा. चेहरा होता, पण कसा होता ते मला सांगता येत नाही.

पहिला विचार आला, कोणीतरी गंमत करतंय. दुसऱ्या लाइनीवरचा कोणी असेल, म्हाताऱ्याला घाबरवतोय. मला रागच आला. मी यंत्र डोळ्याला लावलं, नेम बरोबर त्याच्या छातीवर धरला, आणि बटण दाबलं.

बावन्न.

पुन्हा दाबलं. बावन्न.

बाबांनी मागे न बघता विचारलं, "बावन्न दाखवतंय ना? ते त्याच्या मागचं झाड आहे. यंत्राला तो लागत नाही. म्हणून मी अंदाजे लिहितो."

मी यंत्र खाली घेतलं.

तेव्हा मला त्याच्या हातातलं दिसलं.

पॅड.

तो आमच्याकडे बघत होता. मग त्याने मान खाली घातली आणि काहीतरी लिहिलं. मग पुन्हा वर पाहिलं.

"लिहितो तो," बाबा म्हणाले. आवाजात भीती नव्हती. शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगत होते. "दर वेळी. मॅडमना हे मी सांगितलं नाही. ते कुठल्या रकान्यात बसत नाही."

मी फॉर्मकडे पाहिलं. निदान दिसावं की मी काम करतेय. दोन सेकंद. जास्तीत जास्त तीन.

मान वर केली तेव्हा तो तीस मीटरवर होता.

आणि पाचोळा वाजला नव्हता.

"लिहिलंस?" बाबांनी विचारलं.

"हो."

मी लिहिलं होतं.

माणूस : शून्य.

का लिहिलं, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. घाबरले होते, हे तर आहेच. पण घाबरलेला माणूस पळतो. मी नीट आकडा काढला, गोल, सुबक. कारण त्या क्षणी मला एवढंच कळलं होतं की बाबांनी इथे पुन्हा यायचं नाही. आणि त्यांना थांबवायचा सोपा रस्ता माझ्या हातात होता.

उरलेले नऊशे मीटर मी बाबांच्या पाठीकडे बघत चालले. उजवीकडे पाहिलं नाही.

शेवटाला दोघांनी सही करायची असते. बाबा सही करण्याआधी सगळं वाचतात. त्यांचं बोट रकान्यांवरून खाली सरकत गेलं. हरणं. डुकरं. ससा. शेवटच्या रकान्यावर थांबलं.



"तुला दिसला नाही?"

"नाही बाबा."

"मी दाखवला तिथे बघितलंस?"

"बघितलं. तिथे कोणी नव्हतं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. खोटं बोलले की माझं नाक लाल होतं, हे त्यांना मी पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे. पण त्या दिवशी थंडी होती आणि नाक तसंही लालच होतं.

"अच्छा," ते म्हणाले, आणि सही केली.

मॅडमनी त्यांचा निरोपाचा छान सत्कार केला. फूटपट्टी म्हणून भाषणं झाली. दादा म्हणाला, सुटलो. मलाही वाटलं, जीव भांड्यात पडला.

त्यानंतर बाबा स्वतःला तपासू लागले.

गॅस बंद केला का, हे चार वेळा बघायचे. दाराला कुलूप लावून पुन्हा ओढायचे. खिशात वही ठेवायला लागले. सकाळी नाश्ता केला, असं त्यात लिहायचे. मी डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती तुमच्यापेक्षा चांगली आहे. बाबांनी ऐकून घेतलं. घरी येताना मला म्हणाले,

"डॉक्टरांना काय माहीत. तिथे तर तू होतीस."

किती वेळा खरं सांगायचं ठरवलं. तोंडापर्यंत आलं. पण मग सांगावं लागलं असतं की तो आहे. आणि तो तीस मीटरवर आला होता.

मे महिन्यात चार नंबरच्या लाइनीवर नवीन जोडी गेली. मी मॅडमना सहज विचारतेय असं दाखवून विचारलं. त्या म्हणाल्या, माणूस शून्य. ऑगस्टमध्येही शून्य.

तो आता तिथे नाही.

सप्टेंबरात एका सकाळी मी डबा भरत होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सोसायटीचं फाटक दिसतं. बाबा खिडकीशी उभे होते.

"जरा इकडे येतेस?" ते म्हणाले. "फाटकाशी कोणी उभं आहे का गं?"

मी पाहिलं.

वॉचमन खुर्चीत पेपर वाचत होता. त्याच्यापासून दोन हातांवर...

खाकी जाकीट. टोपी. पॅड.

वॉचमनने पान उलटलं.

"कोणी नाही बाबा," मी म्हणाले. तोंडातून आपोआप निघालं. सवय झाली होती.

"मग ठीक आहे." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, चपला घातल्या आणि फिरायला गेले. मी वरून बघत राहिले. ते फाटकातून बाहेर पडले, त्याच्या अगदी शेजारून. तो लिहीत होता.

तेव्हापासून ते मला रोज विचारतात. आधी फाटक. मग पार्किंग. मग खालच्या पत्रपेट्या. रोज मी बघते आणि रोज नाही म्हणते. त्यांची ती वही मी एकदा चोरून उघडली. प्रत्येक तारखेपुढे त्यांच्या नकाशावाल्या अक्षरात एकच ओळ होती. मला दिसला. तिला नाही. म्हणजे नाही.

आता खरं सांगितलं, तर त्यांना कळेल की ते कधीच चुकले नव्हते. हेही कळेल की इतके महिने मी त्यांना एकट्याला त्याच्या शेजारून जाऊ दिलं. कोणतं जास्त वाईट, मला ठरवता येत नाही.

काल सकाळी बाबा चपला घालून दाराशी थांबले.

"जिन्यात बघतेस का जरा?"

मी दाराच्या भिंगातून पाहिलं. आमच्या मजल्याच्या खाली पाच पायऱ्यांवर टोपी दिसली. मान खाली होती.

"कोणी नाही बाबा."

"बघ. उगीच वाटतं मला." त्यांनी स्वतः कडी काढली.

मी दारात उभी राहिले. ते कठडा धरून उतरू लागले. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पायरीपाशी थांबले. अंग चोरलं, भिंतीला लागून तिरके झाले, समोरच्याला वाट द्यावी तसे.

मग त्यांच्या लक्षात आलं की मी बघतेय.

ते वर बघून ओशाळं हसले. कपाळाला हात लावला, म्हाताऱ्याचं हे असंच, अशी खूण केली, आणि तसेच अंग चोरून खाली उतरले.