फरसबीला सात अंश

माझे वय चौऱ्याहत्तर. शिक्षण चौथीपर्यंत, पुढचे सारे स्वतः वाचून. या शीतगृहाचा मी एकोणीस वर्षे राखणदार आहे. जे घडले तेवढेच सांगतो, पदरचे काही घालत नाही.

मुलीने आणि जावयाने प्रथमच फरसबीचे पीक घेतले. चाळीस क्रेट ताज्या शेंगा आमच्या तीन नंबरच्या खोलीत आल्या. व्यापारी तिसऱ्या दिवशी येणार होता. शेंगांवर डाग दिसले की माल परत, हंगामाचे कष्ट मातीत. जावई म्हणाला, सात अंशांवर ठेवा. कोणता माल किती थंडीत ठेवायचा, हे सांगणारा एक जुना ग्रंथ माझ्यापाशी आहे; त्यातील ‘एक अंश’ मी त्याला बोट ठेवून दाखवला.

“मामा, पुस्तकाने कधी शेंग खुडली आहे का?” एवढे बोलून तो गेला. मी तापमानाचा काटा एकवर आणला.

कोणी आत कोंडले जाऊ नये म्हणून, दार लावण्यापूर्वी ‘आत कोणी आहे का’ असे विचारून पाच अंक मोजायचे, हा आमचा नियम. त्या दुपारी मी विचारले. तीनपर्यंत पोहोचलो असेन.

“आहे,” आतून उत्तर आले.

बॅटरी घेऊन आत गेलो. पांढुरके धुके, ओल्या हिरव्या शेंगांचा वास, पंख्याची घरघर. क्रेटच्या रांगांमध्ये चिटपाखरूही नव्हते. बाहेर आलो आणि, नियम तो नियम, पुन्हा विचारले.

“आहे... गारठलोय. सात करा.”

मी दाराची कडी घट्ट धरली. तरी शिष्टाचार सुटला नाही. “आपण कोण?”

“ते राहू द्या... शेंगा डागाळतील.”

“ग्रंथात एक अंश दिला आहे,” मी म्हणालो.

 मग अगदी कानाशी कुजबुज झाली, “पाने चिकटली आहेत... सोडवून पाहा.”

ग्रंथ बगलेतच होता. दमटपणाने दोन पाने खरोखरच चिकटली होती. नखाने सोडवली. एक अंश मटारासाठी होता, फरसबीला सात. चौऱ्याहत्तर वर्षांत माझी चूक काढणारे दोघेच भेटले, आणि त्यांतील एक दिसतही नव्हता.

काटा सातवर नेला. कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

तिसऱ्या दिवशी शेंगा करकरीत निघाल्या. व्यापाऱ्याने सगळा माल उचलला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. जावयाने काट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि, त्याचा मोठेपणा मान्य केला पाहिजे, तो काही बोलला नाही.

तेव्हापासून मी जावयाचे बोलणे संपेपर्यंत ऐकतो. आणि संध्याकाळी तीन नंबरच्या खोलीत एक लोकरीची शाल टाकून कुलूप लावतो. सकाळी ती नीट घडी घातलेली असते. कोमट असते.